छर्रा मातीत गेल्यावर

सारंगखेड्याची यात्रा म्हटली की आधी आठवतात ते घोडे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, तापीकाठच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेला सुरुवात होते आणि नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातल्या या गावात ठिकठिकाणचे घोडेवाले उतरतात. जाणकार गिऱ्हाईक जनावराचे दात बघून वय ठरवते, चाल बघते, अंगावरचे भोवरे मोजते आणि मगच भावाला हात घालते. घोडेबाजाराच्या पलीकडे पाळणे, मिठाईची दुकाने, खेळणी आणि प्रत्येक जत्रेत असते तसे फुगे फोडायचे दुकान. फळीवर ओळीने बांधलेले रंगीत फुगे, समोर टेबलावर एअर रायफल आणि वाटीत छर्रे. पोरगा बंदूक मधून मोडतो, छर्रा भरतो, नेम धरतो. पुढचे दोन-तीन छर्रे तळहातात घट्ट धरलेले असतात, कधी चक्क दातांत.

फुगा फुटला की खेळ संपतो. छर्रा मात्र मागच्या कापडावर किंवा फळीवर आपटून खाली मातीत पडतो. हा छर्रा बहुतेक वेळा शिशाचा असतो आणि शिसे हा धातू मातीत कुजत नाही, जळत नाही, नाहीसा होत नाही. जत्रेतले दुकान ही या गोष्टीची सर्वात लहान आवृत्ती. पोलिसांची चांदमारी, लष्कराची फायरिंग रेंज, नेमबाजीची मैदाने ही तिची मोठी रूपे. सुटलेल्या गोळीची भीती सगळ्यांना वाटते. पडून राहिलेल्या गोळीकडे मात्र जगानेही फार उशिरा लक्ष दिले.

अर्ध्या ग्रॅमचा हिशेब

स्पर्धेच्या एअर रायफलचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. यात्रेतल्या एखाद्या दुकानात दिवसाला हजार छर्रे उडाले असे धरले, तर अर्धा किलो शिसे खाली पडते. दहा दिवसांत पाच किलो. खाली ताडपत्री अंथरली असेल तर ते गोळा होते, नाही तर पायाखाली जाते.

आता खऱ्या मैदानाचा हिशेब करू. एनसीसीत आणि नेमबाजीच्या सरावात वापरल्या जाणाऱ्या पॉइंट टू टू रायफलची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, जवळपास सगळी शिशाची. दहा नेमबाज रोज शंभर गोळ्या झाडतात आणि वर्षात दोनशे दिवस सराव चालतो असे समजा. वर्षाला ५२० किलो, म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त शिसे एकाच जागी, लक्ष्यामागच्या मातीच्या बांधात जाऊन बसते. बांधाच्या ज्या भागात गोळ्या रुततात तिथली माती पंचेचाळीस टन धरली, तर एका वर्षात त्या मातीतले शिशाचे प्रमाण किलोला अकरा हजार मिलिग्रॅमच्या वर जाते. साध्या, न बिघडलेल्या मातीत ते सहसा किलोला दहा ते पन्नास मिलिग्रॅम असते. हा कागदावरचा हिशेब झाला. पण जगभरातल्या जुन्या रेंजच्या बांधांतून घेतलेल्या नमुन्यांतही असेच, किलोला हजारो आणि कुठे कुठे दहा हजारांहून अधिक मिलिग्रॅमचे आकडे आले आहेत.

उडत्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्या शॉटगनचे गणित आणखी वेगळे. स्पर्धेच्या एका काडतुसात सुमारे २४ ग्रॅम बारीक छर्रे असतात. ट्रॅप प्रकाराच्या पात्रता फेरीत १२५ तबकड्या सुटतात. प्रत्येकीवर एकच बार काढला, तरी एक खेळाडू एका स्पर्धेत तीन किलो शिसे उधळतो. रायफलीची गोळी बांधात अडकते, निदान ती कुठे आहे हे कळते. शॉटगनचे छर्रे मात्र दीड-दोनशे मीटरपर्यंत गवतात, ओढ्यात, शेजारच्या शेतात पसरतात.

गोळीत एकटे शिसे नसते. ती कठीण व्हावी म्हणून त्यात अँटिमनी घालतात, छर्रे गोल पडावेत म्हणून थोडे आर्सेनिक. लष्करी आणि पोलिसांच्या गोळीवर तांब्या-जस्ताचे वेष्टण असते. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीतही शिशाचे आणि बेरियमचे संयुग असते. त्यामुळे रेंजच्या मातीत शिशाबरोबर अँटिमनी, आर्सेनिक, तांबे आणि जस्त हेही सापडतात. प्रमाण आणि माणसाला होणारा धोका पाहता पहिला मान मात्र शिशाचाच.

काळी माती, तांबडी माती

मातीत पडलेली गोळी तशीच चकचकीत राहत नाही. हवा, ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे तिच्यावर पांढरट थर चढतो. जुन्या रेंजवर उकरलेल्या गोळ्यांवर तो डोळ्यांना दिसतो. हा थर म्हणजे शिशाचे कार्बोनेट. तो सुटतो, मातीच्या कणांना चिकटतो, काही भाग पाण्यात विरघळतो. मग आतला नवा धातू उघडा पडतो आणि पुन्हा थर चढतो. असे कित्येक वर्षे चालते.

विरघळलेले शिसे किती लांब जाणार, हे माती ठरवते. तापी खोऱ्यातली काळी माती चिकण आहे, चुन्याचे प्रमाण चांगले आहे, तिचा सामू सातच्या वर, बहुधा साडेसात-आठच्या घरात असतो. अशा अल्कधर्मी मातीत शिसे फार विरघळत नाही आणि जे विरघळते ते चिकणमातीचे कण धरून ठेवतात. विहिरीच्या पाण्याच्या दृष्टीने ही जमेची बाजू. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या तांबड्या जांभ्या मातीचे उलट आहे. ती आम्लधर्मी, पाऊस धो धो, त्यामुळे तिथे शिसे जास्त सहज विरघळते आणि पाण्याबरोबर खाली उतरू शकते. सारखीच रेंज, सारख्याच गोळ्या, पण शहाद्यातला धोका आणि सावंतवाडीतला धोका सारखा नाही.

काळ्या मातीत शिसे वरच्या थरातच, वीत-दीड वीत खोलीपर्यंत, साठून राहते. खाली उतरत नाही याचा अर्थ वरच राहते, आणि माणसाचा, जनावराचा संबंध वरच्या थराशीच येतो. उन्हाळ्यात ही माती फाटते, भेगा पडतात, तिची धूळ उडते. मृगाच्या पहिल्या सरीला वरचा थर वाहून नाल्यात जातो. वाहते पाणी जिथे संथ होते तिथे गाळ बसतो आणि गाळासोबत त्याला चिकटलेला धातूही बसतो. तापीवर प्रकाशे आणि सारंगखेडा इथे बॅरेज आहेत. नदी अडवली की गाळ साचतो, आणि तलावा-धरणांतला गाळ काढून शेतात टाकण्याची पद्धत महाराष्ट्रात आता सर्रास आहे. हा गाळ जमिनीला चांगलाच असतो. पण ज्या तलावाच्या किंवा नाल्याच्या वरच्या अंगाला वर्षानुवर्षे गोळीबाराचा सराव चालतो, तिथला गाळ उचलण्याआधी एकदा तपासणे शहाणपणाचे.

पिकांचे काय? शिसे मुळांतून वर चढायला नाखूश असते. केळी, पपई यांसारख्या फळांत ते फारसे पोहोचत नाही. धोका असतो तो जमिनीलगतच्या पालेभाज्यांना आणि कंदमुळांना, कारण पालेभाजीवर धूळ बसते आणि कंद तर मातीतच असतो. चाऱ्याचेही तसेच.

घोड्याचा घसा

घोडेबाजाराच्या गावाने लक्षात ठेवावी अशी एक नोंद पशुवैद्यकशास्त्रात आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळ, शिसे गाळणाऱ्या एका कारखान्याच्या परिसरात चरणारे घोडे आजारी पडू लागले. वजन घटले, पाय लटपटू लागले आणि श्वास घेताना घशातून मोठा घरघर आवाज येऊ लागला. काही घोडे दगावले. तपासात निघाले शिसे. ते कारखान्याच्या धुराड्यातून कुरणावर बसत होते. कारखाना आणि रेंज या वेगळ्या गोष्टी आहेत, पण घोड्याच्या पोटात जाणारा धातू एकच.

तो आवाज घशातूनच का? शिसे स्नायू हलवणाऱ्या नसांवर घाला घालते आणि लांब नसा आधी बळी पडतात. घोड्याच्या स्वरयंत्राकडे जाणारी नस छातीपर्यंत खाली उतरून पुन्हा वर येते. एवढ्या लांब मानेच्या जनावरात ती फारच लांब असते. ती निकामी झाली की स्वरयंत्राची एक बाजू लुळी पडते आणि दौडताना हवा अडून आवाज होतो. माणसांत याच कारणाने मनगट लुळे पडते. शिशाच्या कारखान्यातल्या जुन्या कामगारांत हा आजार ओळखीचा होता. घोड्यात घरघर होण्याची इतरही कारणे असतात आणि बहुतेक वेळा कारण दुसरेच निघते. पण जनावर रेंजच्या आसपास किंवा बॅटऱ्या फोडण्याच्या जागेजवळ चरत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

गाई-म्हशींची गोष्ट आणखी सरळ. जनावर चरताना थोडी माती खातेच. छऱ्यांनी भरलेल्या शेतातला चारा कापून मुरघास केला आणि तो खाऊन दुभत्या गुरांना विषबाधा झाली, अशा नोंदी परदेशातल्या पशुवैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मुरघास आंबट असतो, त्या आंबटपणात छर्रे विरघळतात. नुसत्या गवतात कमी धोक्याचा असलेला छर्रा मुरघासात जास्त धोक्याचा होतो, ही गोष्ट आता मुरघास करू लागलेल्या प्रत्येक पशुपालकाने ध्यानात ठेवावी. पक्ष्यांची अडचण वेगळीच आहे. दाणे भरडायला ते बारीक खडे गिळतात आणि खडा समजून छर्रा गिळतात.

आधीच रक्त कमी असेल तर

माणसाच्या शरीरात शिशाचे काहीही काम नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून चुकते. म्हणून ते हाडांत, दातांत जाऊन बसते आणि कित्येक वर्षे तिथेच राहते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आईच्या हाडांतले कॅल्शियम वापरले जाते, तेव्हा वर्षांपूर्वीचे शिसेही रक्तात उतरते आणि बाळापर्यंत पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. मुलांत अगदी कमी प्रमाणातही बुद्धी, लक्ष आणि शिकण्याची ताकद यांवर परिणाम दिसतो. मोठ्यांत रक्तदाब, मूत्रपिंड आणि हृदय यांना फटका बसतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे आणि भारतात अशी मुले सुमारे साडेसत्तावीस कोटी. यांतल्या बहुतेकांचा बंदुकीशी काही संबंध नाही. जुन्या बॅटऱ्या, रंग, भेसळीची हळद, भांडी अशी कारणे त्यामागे आहेत. पण शिसे कुठूनही आले तरी शरीरात बेरीज एकच होते.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ही बेरीज अधिक महाग पडते. त्याचे कारण पोषण. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडे शिसे जास्त शोषून घेते. उपाशी पोटी ते आणखी जास्त शोषले जाते. लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषते. ज्या भागात कुपोषण आणि रक्तक्षय आधीच घर करून आहेत, तिथल्या मुलाला तेवढ्याच धुळीतून जास्त विष मिळते. वर शिसे स्वतःही हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणते, म्हणजे कमी रक्त आणखी कमी होते.

रक्त कमी असण्याचे एक लक्षण म्हणजे माती, खडू, पाटीची पेन्सिल खावीशी वाटणे. लहान मुलांत आणि गरोदर बायांत हे सर्रास दिसते. घरातली वडीलधारी माणसे त्याला डोहाळे म्हणून सोडून देतात. माती खाणारे मूल हे लोह तपासण्याचे कारण आहे आणि ती माती कुठली, हे विचारण्याचेही.

जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेलचे रुग्ण आहेत. सिकलसेलमध्ये पोटात कळा येतात, थकवा येतो, अंग फिके पडते. शिशाच्या विषबाधेतही पोटात कळा येतात, बद्धकोष्ठता होते, थकवा येतो, अंग फिके पडते. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णात शिशाची शंका कुणाला येतच नाही. प्रत्येक पोटदुखीत शिसे शोधायची गरज नाही. पण घरात कुणी गोळ्या वितळवत असेल, बॅटऱ्या फोडत असेल किंवा रेंजवर कामाला जात असेल, तर ही माहिती डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

नेम धरणाऱ्याचे फुप्फुस

सर्वात जास्त शिसे खुद्द नेम धरणाऱ्याच्या शरीरात जाते. गोळी सुटताना टोपीतल्या शिशाची वाफ होते, नळीतून घासून जाताना गोळीचे सूक्ष्म कण सुटतात आणि हा धूर नेमबाजाच्या नाकासमोरच असतो. बंदिस्त रेंजवर हवा खेळती नसेल तर तो तिथेच घुटमळतो. २०१७ मध्ये एन्व्हायर्नमेंटल हेल्थ या नियतकालिकात या विषयावरच्या ३६ अभ्यासांचा आढावा आला. त्यांपैकी ३१ अभ्यासांत काही नेमबाजांच्या रक्तातले शिसे डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर आढळले, तर १५ अभ्यासांत काहींचे ४०च्याही वर. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने लष्करी रेंजवर काम करणाऱ्यांसाठीची, १९७०च्या दशकातल्या नियमांवर आधारलेली ४० मायक्रोग्रॅमची मर्यादा अपुरी असल्याचा निष्कर्ष काढला होता.

महाराष्ट्रासाठी हा परक्यांचा विषय नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे शाळकरी मुले मोठ्या संख्येने या खेळाकडे वळली आहेत. मुंबईत वरळीची आणि पुण्यात बालेवाडीची रेंज अनेकांना ठाऊक असते, पण आता लहान शहरांतही दहा मीटरच्या छोट्या रेंज निघाल्या आहेत. एअर रायफलला टोपी नसते, त्यामुळे तिचा धोका पॉइंट टू टूपेक्षा कमी. छर्रे मागच्या पेटीत अडकतात, मातीत जात नाहीत. तरी छर्रा आदळून होणारी भुकटी, ती झाडूने झाडणे, हात न धुता डबा खाणे आणि तेच कपडे घालून घरी जाणे, या वाटांनी शिसे घरच्या धाकट्या भावंडापर्यंत पोहोचू शकते.

पोलिसांना दरवर्षी गोळीबाराचा सराव करावा लागतो. धुळ्याला राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, प्रत्येक जिल्ह्याला पोलीस मुख्यालय आहे. यांतले शिपाई वर्षातून काही दिवस रेंजवर जातात, प्रशिक्षक आणि देखभाल करणारे कर्मचारी मात्र जवळजवळ रोज. जास्त काळजी घ्यायला हवी ती या दुसऱ्या गटाची.

सूचनेत नसलेली ओळ

मैदानी गोळीबार आणि तोफखाना सरावासाठी १९३८चा कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकारी अधिसूचना काढतात: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत या गावांच्या या हद्दीत कुणी जाऊ नये, गुरे नेऊ नयेत. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजसाठी अशा सूचना निघतात. तिथे रणगाड्यांचा सराव होतो, त्यामुळे पडणाऱ्या धातूंची जात वेगळी. पण सूचनेची रीत सगळीकडे सारखीच. ती उडणाऱ्या गोळीपासून वाचवते. तारीख संपली की माणसे आणि गुरे परत येतात आणि जमिनीत जे राहिले त्याबद्दल सूचनेत ओळ नसते.

त्या उरलेल्या गोष्टीला बाजारात भाव असतो. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, चुलीवरसुद्धा. म्हणून गोळ्या वेचून, वितळवून भंगारात विकण्याचा किंवा मासेमारीच्या जाळ्याला लावायचे वजन ओतण्याचा मोह होतो. लष्करी रेंजवर भंगार वेचताना न फुटलेला गोळा फुटून माणसे मेल्याच्या बातम्या येतात. चुलीवर शिसे वितळवल्याने होणारे मरण संथ असते, त्याची बातमी होत नाही. नायजेरियाच्या झामफारा प्रांतात २०१० मध्ये सोन्यासाठी घराघरांत शिसेयुक्त खडक कुटला गेला आणि चारशेहून अधिक मुले दगावली. सेनेगलमध्ये डाकारजवळ बॅटऱ्यांच्या मातीतून शिसे चाळण्याच्या धंद्यात २००८च्या सुमारास १८ मुले गेली. दोन्हीकडे मारेकरी अंगणातली धूळच होती.

उपाय अवघड नाहीत

शिशाची एक गोष्ट सोयीची आहे. ते जड असते, फार लांब पळत नाही आणि परत काढता येते. रेंज चालवणाऱ्यांसाठी जगभर वापरात असलेल्या पद्धती साध्या आहेत. गोळी मातीत जाऊच नये म्हणून लक्ष्यामागे रबराच्या किंवा लोखंडाच्या पेट्या बसवायच्या. मातीचा बांध असेल तर ठरावीक वर्षांनी ती माती चाळून गोळ्या काढायच्या आणि परवानाधारक पुनर्वापर कारखान्याला द्यायच्या. त्यातून पैसेही मिळतात. मातीचा सामू साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान ठेवायचा, आम्लधर्मी जमिनीत चुना टाकायचा. फॉस्फेट मिसळले तर शिशाचे न विरघळणारे खनिज बनते. बांधावर गवत वाढवायचे, पावसाचे पाणी बाहेरच्या बाहेर वळवायचे, खाली गाळ अडवणारा खड्डा ठेवायचा आणि तिथे गुरे चरायला सोडायची नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००१ मध्येच यासाठी मार्गदर्शिका काढली.

गावोगावी नेमबाजीची परंपरा असलेल्या स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ४,००० रेंजची माती दूषित निघाली आणि ती साफ करण्याचे काम सरकारी मदतीने चालू आहे. डेन्मार्कने शिशाचे छर्रे १९९६ मध्ये बंद केले. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत ते १९९१ पासून बंद केले, तर युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत. पोलाद, बिस्मथ, कथील यांचे पर्याय बाजारात आहेत. आपल्याकडे पेट्रोलमधले शिसे २००० मध्ये गेले, घरगुती रंगांतल्या शिशावर २०१७ पासून ९० भाग प्रति दशलक्षची मर्यादा आली. गोळी आणि छर्रा मात्र तसेच राहिले.

एक नवी वाट आता उघडली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने आपल्या हद्दीतल्या संशयित दूषित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी करायची आणि प्रदूषण करणाऱ्याकडून खर्च वसूल करायचा. शहरे वाढता वाढता जुन्या चांदमारीच्या जागा वस्तीत येतात, तिथे प्लॉट पडतात, बागा होतात. अशी जागा विकण्याआधी किंवा मुलांसाठी खुली करण्याआधी माती तपासण्याची मागणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका करू शकते.

इथे शेतकऱ्याची एक गैरसमजूत दूर व्हायला हवी. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. यात शिसे नाही. पत्रिकेवर जमीन उत्तम दिसली म्हणून ती शिसेमुक्त ठरत नाही. रेंजलगतच्या जमिनीसाठी जड धातूंची वेगळी तपासणी प्रयोगशाळेकडे मागावी लागते. तुलनेसाठी एक आकडा हाताशी ठेवावा. अमेरिकेने २०२४ मध्ये वस्तीतल्या मातीसाठी सावधगिरीची पातळी किलोला ४०० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली.

घरच्यांनी काय करावे

जत्रेत मुलाने फुगे जरूर फोडावेत. एवढ्याने कुणाला विषबाधा होत नाही. फक्त छर्रे तोंडात धरू द्यायचे नाहीत आणि नंतर जिलेबी-भज्यांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवायला लावायचे. सॅनिटायझरने शिसे जात नाही. दुकानदारानेही फळीखाली ताडपत्री किंवा पत्र्याचा ट्रे ठेवावा. छर्रे गोळा होतील आणि गाव सोडताना मागे काही राहणार नाही. छर्रा पोटात गेल्याची शंका असेल तर थांबू नये. तो एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतो.

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांनी रेंजवर खाणे-पिणे टाळावे, कपडे आणि बूट वेगळे ठेवावेत, ते घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. रेंज कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. नियमित सराव करणाऱ्यांनी आणि प्रशिक्षकांनी वर्षातून एकदा रक्तातले शिसे तपासावे. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. गरोदर बाईने रेंजपासून आणि रेंजवरच्या कपड्यांपासून दूर राहावे. घरात शिसे वितळवू नये, अंगणातही नाही.

जेवणात लोह आणि कॅल्शियम असू द्यावे: हिरव्या पालेभाज्या, डाळी, नागली, दूध-ताक, सोबत लिंबू किंवा आवळा. मुलाने सकाळी काही खाऊनच बाहेर पडावे. अंगणवाडीतून आणि शाळेतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या टाळू नयेत.

तपासणीत रक्तातले शिसे ५ मायक्रोग्रॅमच्या वर आले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शनानुसार पहिले काम म्हणजे ते येते कुठून हे शोधून ती वाट बंद करणे. शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे आहेत, पण ती बऱ्याच वरच्या पातळीला, मुलांत ४५ मायक्रोग्रॅमपासून पुढे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिली जातात. 'विष उतरवणारी' चूर्णे-भस्मे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, काही भस्मांत शिसेच असते. मुलाच्या मेंदूचे झालेले नुकसान औषधाने पूर्ण भरून येत नाही. म्हणून या आजारात डॉक्टराइतकेच काम झाडू धरणाऱ्याचे, रेंज चालवणाऱ्याचे आणि माती तपासा म्हणून अर्ज करणाऱ्या ग्रामपंचायत सदस्याचे असते.